एका वर्षाची श्रीमंती

माणसाने निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसावं. नॉर्बर्ट हाउगेनला ते जमलं नाही, आणि याचा दोष बऱ्याच अंशी चर्चच्या तळघरातल्या कॉफीकडे जातो. ती कॉफी पातळ असते आणि फुकट असते. ती पिता पिता मिनेसोटातले निवृत्त पुरुष एकमेकांना जे सल्ले देतात, तेही तसेच असतात.

डिसेंबरातल्या एका रविवारी प्रार्थना आटोपल्यावर ड्वेन कप घेऊन शेजारी येऊन बसला. ड्वेन नॉर्बर्टचा बालमित्र. जन्मभर शाळेची बस चालवली आणि आता रेडिओवरचे पैशांचे कार्यक्रम ऐकून ऐकून पंडित झाला होता.

"तुझी म्हातारपणाची पुंजी अजून जुन्याच खात्यात ना?"

"मग कुठे असणार?"

"गेलास कामातून. त्यातला एकेक डॉलर काढशील तेव्हा सरकार कर घेणार. जगशील तोवर घेणार. अरे, करमुक्त खात्यात टाक. आत्ता एकदाच काय तो कर भरायचा, मग सरकारने तुझं नावसुद्धा घ्यायचं नाही."

"आत्ता भरायचा म्हणजे किती?"

"ते बघावं लागेल," असं म्हणून ड्वेन केक आणायला उठला. (सल्ला देणाऱ्याने आकड्याची वेळ आली की केक आणायला जायचं असतं.)

पण सल्ला नॉर्बर्टच्या वर्मी लागला होता. त्याचं सगळं आयुष्य ट्रॅक्टरच्या दुकानात, सुट्या भागांच्या काउंटरमागे गेलं. येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला तो सांगायचा, "कापणीत यंत्राचा पट्टा तुटला तर वाटेल तो भाव द्याल. जानेवारीत घेऊन ठेवा, सूट आहे." कराचंही तेच असणार, हे त्याला लख्ख दिसलं. आत्ता स्वस्त आहे तोवर भरून टाकावा. जन्मभर दुसऱ्यांना वाटलेलं शहाणपण एकदा तरी स्वतःला लावायची संधी आली होती, आणि ती सोडण्याइतका तो शहाणा नव्हता.

घरी आर्डिस बटाटे सोलत होती. आर्डिस म्हणजे त्याची बायको. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. घरात न्हाणीघर एकच, तेही वर, झोपायची खोलीही वर. कठड्याला धरून, अंग तिरकं करून, एकेक पायरी करत ती चढायची आणि वर पोचल्यावर थोडा वेळ नुसती उभी राहायची. तळ्याकाठी म्हाताऱ्या माणसांसाठी बैठी घरं होती. उत्पन्न बेताचं असेल तर ती कमी भाड्याने मिळायची. तिथल्या यादीत या दोघांचं नाव चार वर्षांपासून होतं. आर्डिस त्याबद्दल बोलायची नाही. हवं ते तोंडाने मागणं त्या भागात जरा उद्धटपणाचंच समजतात. फक्त त्या रस्त्याने गाडी गेली की ती म्हणायची, "वाईट नाहीत घरं," आणि दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत राहायची.

"पुंजी करमुक्त खात्यात टाकावी म्हणतो," नॉर्बर्टने जाहीर केलं.

"सगळी?"

"सगळी."

आर्डिसने बटाटा उलटा करून पाहिला. "हं. वेगळंच काहीतरी आहे."

आता, त्या गावात शेजारणीने केलेला पदार्थ हळूच रुमालात काढून ठेवायची वेळ आली की म्हणतात, 'वेगळंच आहे.' यापेक्षा कडक शब्द तिथल्या बायका वापरत नाहीत, त्यांना वापरावा लागत नाही. नॉर्बर्टला हे चांगलं ठाऊक होतं. पण त्याला संमती हवी होती, म्हणून त्याला संमती ऐकू आली.

कराचे कागद करणारी शेरिल मात्र स्पष्ट बोलणारी होती. (ती मूळची शिकागोची.)

"थोडे थोडे हलवा. दर वर्षी जरा जरा."

"शेरिल, अर्धा पट्टा कोणी विकत घेतं का?"

"एकदा केलं की मागे घेता येत नाही, हं. आणि या वर्षीचं तुमचं उत्पन्न कागदावर भलंमोठं दिसेल. उत्पन्नावर अवलंबून असलेलं काही आहे का तुमचं?"

नॉर्बर्टने प्रामाणिकपणे विचार केला. मासेमारीचा परवाना, जुनी गाडी, बर्फ उडवायचं यंत्र, सगळं डोळ्यांपुढे आणलं. बायकोचे गुडघे काही त्याच्या डोळ्यांपुढे आले नाहीत.

"काही नाही," तो म्हणाला, आणि सही केली.

कर भरताना बँकेतली शिल्लक बरीचशी धुऊन निघाली. तरी नॉर्बर्ट हिवाळाभर खुशीत होता. सरकारला हातोहात फसवल्याचा आनंद काही औरच असतो, आणि तो फसवलं नसलं तरी होतो.

एप्रिलअखेर तळ्याकाठच्या कचेरीतून फोन आला. त्यांचा नंबर लागला होता.

आर्डिसने फोन ठेवला. मग तिने मापाची फीत शोधून काढली. त्या आठवड्यात तिने पडदे मोजले, खोकी आणली, आणि एका संध्याकाळी काही कारण नसताना म्हणाली, "हा सोफा तिकडे न्यायचा नाही. मला तो कधीच आवडला नव्हता." इतक्या वर्षांत तिने असं धडधडीत मत दिलेलं नॉर्बर्टला आठवेना. सोफा त्याने निवडलेला होता, तरी त्याला बरं वाटलं.

कचेरीतली कॉलीन हसतमुख बाई. तिने कराचा कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"नॉर्बर्ट, लॉटरी लागली का तुम्हाला?"

"छे."

"शेत विकलंत?"

"शेत होतं कधी?"

"मग या कागदाप्रमाणे गेल्या वर्षी तुम्ही गावातल्या डॉक्टरपेक्षा जास्त कमावलंत."

"कमावलं नाही हो. या खिशातले त्या खिशात टाकले."

"असतील. पण जाता जाता ते कागदावर पडले. या उत्पन्नाला मला घर देता येत नाही."

"अहो, मी गरीब आहे!" नॉर्बर्ट म्हणाला. तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की बाहेर बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. "यंदाचं उत्पन्न बघा ना."

"यंदाचं पुढच्या अर्जाला. नाव पुन्हा यादीत शेवटी लागेल."

"बरं," आर्डिस म्हणाली. "तुम्हाला उगाच त्रास झाला." आणि ती टेबलाला धरून उठली.

गाडीत तिने एवढंच विचारलं, "शेरिलने सांगितलं नव्हतं?"

"विचारलं होतं तिने."

"मग?"

"मी म्हटलं, काही नाही."

आर्डिस ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. घरी आल्यावर ती कोट काढून कठड्याला धरून वर निघाली, आणि नॉर्बर्ट खाली उभा राहून तिचं एकेक पाऊल ऐकत राहिला. आपण किती मूर्ख आहोत हे त्याला आयुष्यात अनेकदा कळलं होतं, पण त्याची किंमत दुसरं कोणीतरी भरतंय हे पहिल्यांदाच. त्याला मनापासून लाज वाटली. खालच्या खोलीत पलंग आणतो म्हणाला, तर ती म्हणाली, "न्हाणीघर पण आणणार आहेस का?"

रविवारी त्याने ड्वेनला गाठलं.

"तू कर किती भरलास रे?"

"कसला कर?"

"करमुक्त खात्याचा."

"मी? मी नाही बुवा केलं ते. आमची ही म्हणाली, वेगळंच काहीतरी आहे. मग कोण करतो?"

शेवटी नॉर्बर्टने हात जोडायचं ठरवलं. आर्डिसला घेऊन तो पुन्हा कॉलीनपुढे जाऊन बसला. आर्डिस यायला तयार झाली याचंच त्याला नवल वाटलं. तिने चर्चचा चांगला कोट घातला होता.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "खातं माझ्या नावावर, पैसे माझे, अक्कल माझी. हिने फक्त बटाटे सोलले. मग जिने हिनेच का चढायचे?" तो टोपी हातात फिरवत बसला.

कॉलीनला वाईट वाटलं. वातावरण हलकं करावं म्हणून ती हसत म्हणाली, "नियम माझ्या हातात नाहीत हो. गंमत सांगू? आर्डिसबाई एकट्या असत्या ना, तर नियमात चोख बसल्या असत्या. एका माणसाची खोली कालच रिकामी झाली आहे. मी आज किल्ली दिली असती."

नॉर्बर्ट मोठ्याने हसला. किती दिवसांनी हसायला काहीतरी मिळालं होतं. कॉलीनही हसली. दोघं हसून डोळे पुसत होते, तेव्हा आर्डिस खुर्ची जरा पुढे ओढून टेबलापाशी सरकली.

"त्या खोलीची खिडकी," तिने विचारलं, "तळ्याच्या बाजूला आहे, की गाड्या लावतात त्या बाजूला?"