टोकेरावांची भाड्याची चोच

बसलात का सगळे नीट, बाळांनो? मग ऐका. एका जंगलात सिंह राज्य करत असे आणि बाकीचे सगळे भरणा करत असत.

त्या जंगलात टोकेराव नावाचा एक सुतारपक्षी राहत होता. आधी तो हत्तीच्या लाकडाच्या वखारीत नोकरीला होता. आलेल्या ओंडक्यावर टकटक करायची आणि तो आतून पोकळ आहे की भरीव, ते सांगायचे, एवढेच त्याचे काम. पगार म्हणून जांभळे मिळत. राजाचा कर हत्ती परस्पर कापून घेई. टोकेरावाला तो कधी दिसला नाही, त्यामुळे दुखलाही नाही.

पण एके दिवशी टोकेरावाला वाटले, आयुष्यभर दुसऱ्याच्या ओंडक्यांवर डोके का आपटायचे? आपटायचेच तर स्वतःच्या मर्जीने आपटू. त्याने नोकरी सोडली आणि आंब्याच्या खोडावर पाटी लावली : ‘येथे ढोल्या कोरून मिळतील. मजबूत काम. वाजवी दर.’

धंदा चांगला चालला. पिंगळ्याने ढोली करून घेतली. खारीने दोन करून घेतल्या, एक राहायला आणि एक भांडण झाले की जायला. घरात जांभळांचा ढीग लागला. जीभ जांभळी झाल्याशिवाय टोकेरावाच्या बायकोचा, यमुनेचा, दिवस मावळेना.

मग वर्षअखेर आली. राजाची दवंडी पिटली. जे स्वतःचा धंदा करतात, त्यांनी काय कमावले, काय खर्च केले आणि काय उरले, ते पळसाच्या पानावर लिहून आणावे. उरले असेल त्याचा दहावा हिस्सा राजाला द्यावा.

सिंह जांभळे खात नसे. पण कर हा कर असतो.

“अहो, तुम्हाला लिहिता येतं का?” यमुनेने विचारले.

“मला भोकं पाडता येतात,” टोकेराव म्हणाला.

“मग कुणा जाणकाराला विचारा.”

जाणकार म्हणजे काटेकर. हे एक वयस्कर साळींदर होते. जुन्या वारुळाशेजारी त्यांचे कार्यालय होते. गिऱ्हाईक आले की ते पाठीवरचा एक काटा उपटत, शाईत बुडवत आणि खोल श्वास घेत. तो श्वास ऐकूनच गिऱ्हाईकाला आपण काहीतरी गंभीर केले आहे असे वाटे.

“खर्च काय काय होतो तुमचा?” काटेकरांनी विचारले.

“काहीच नाही साहेब. झाड देवाचं, चोच माझी.”

काटेकरांनी घाईघाईने इकडेतिकडे पाहिले. “हळू बोला. असं बाहेर कुणाजवळ म्हणाला नाहीत ना? खर्च नाही म्हणजे सगळा नफाच. राहता कुठे?”

“ढोलीत.”

“अर्धी ढोली कार्यालय दाखवू. तुमच्या मंडळी कुठल्या अर्ध्यात बसतात?”

“डाव्या.”

“त्यांना सांगा, उजव्या अर्ध्यात यायचं तर वेळ घेऊन यायचं.” काटेकरांनी लिहून घेतले. मग त्यांची नजर टोकेरावाच्या तोंडावर खिळली. “आणि ही चोच. हे तुमचं हत्यार. हत्यार वापरलं की झिजतं, झिजलं की त्याची किंमत उतरते. त्याला घसारा म्हणतात. तेवढा दरवर्षी खर्चात धरता येतो. किती जुनी आहे?”

“जन्मापासूनची.”

“अरेरे! मग ती केव्हाच संपली की!” काटेकरांचा चेहरा उजळला. त्यांनी पानभर आकडे मांडले आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले : चोच, शिल्लक नाही. “झालं. कर शून्य. कागदोपत्री तुम्हाला आता चोच नाही. इथे सही करा.”

टोकेरावाने चोचीने पानाला भोक पाडून सही केली.

काटेकरांची फी वाचलेल्या करापेक्षा थोडी जास्त होती. “पण ती पुढच्या वर्षी खर्चात धरता येईल,” ते म्हणाले. टोकेराव उड्या मारत घरी गेला. यमुना डाव्या अर्ध्यात बसून होती. तिने उजव्या अर्ध्यातल्या जांभळांकडे बोट दाखवून विचारले, “साहेब, आत येऊ का?”

पुढे वसंत आला आणि टोकेरावाला वर्षातले सगळ्यांत मोठे काम मिळाले. हिराबाई पोपटीण घाईघाईने आली. तिची अंडी घालायची वेळ जवळ आली होती आणि जुनी ढोली वाऱ्यात फांदीसकट पडली होती.

“टोकेरावभाऊ, सावरीच्या खोडात करून द्या. पण लवकर हो. माझ्याने फार थांबवणार नाही.”

“ताई, तुम्ही काळजीच करू नका,” टोकेराव म्हणाला आणि कामाला लागला. सावरीचे लाकूड मऊ. भुसा भराभर खाली पडत होता. ढोली अर्धी झाली, आणि खालून कुणीतरी खोड चढत असल्याचा आवाज आला.

घोरपडबाई होत्या. राजाच्या करवसुली खात्यातल्या. त्या एकदा एखाद्या झाडाला चिकटल्या की झाडच त्यांना सोडा म्हणून विनवी.

“टोकेराव तुम्हीच का?”

टोकेरावाचे डोके ढोलीत होते. “होय,” तो आतूनच म्हणाला.

“चोच नसलेले?”

काटेकरांचे पान टोकेरावाला आठवले. डोके आतच ठेवावे असे त्याला फार वाटले.

“तोंड बाहेर काढा.”

त्याने काढले. घोरपडबाईंनी हातातले पळसाचे पान पाहिले. मग टोकेरावाचे तोंड पाहिले. मग पुन्हा पान पाहिले.

“हे काय आहे?”

“नाक,” टोकेराव म्हणाला. दुसरे काही त्याला सुचलेच नाही.

घोरपडबाईंनी ‘नाक’ असे लिहून घेतले. “नाकाने लाकूड कोरता?”

“थोडं थोडं.”

मग काटेकरांना बोलावणे गेले. ते आले तेच बोलत आले. “बाई, चोच आहे हो, नाही असं आम्ही कुठे म्हणतो? पण तिची किंमत उरलेली नाही. म्हणजे ती असून नसल्यासारखी आहे.”

“किंमत नसलेल्या चोचीने एवढी जांभळं मिळतात?”

काटेकरांचे काटे हळूच खाली बसले.

“पानावरची चोच संपली,” घोरपडबाई म्हणाल्या. “त्याअर्थी ही दुसरी आहे. लपवून ठेवलेली.”

“लपवलेली कशी?” टोकेराव ओरडला. “तोंडावर आहे माझ्या!”

“तेच तर. एवढ्या उघडपणे लपवायला धाडस लागतं.” आणि त्यांनी चोच जप्त केली. चोच काही निघत नव्हती. म्हणून त्यांनी तिच्याभोवती डिंकाचा जाड वेढा दिला, वर आपल्या पंजाचा ठसा उमटवला आणि त्या उतरून गेल्या.

टोकेराव घरी आला. तोंड उघडेना. घरात जांभळांचा ढीग, आणि एक पोटात जाईना. यमुनेने रस करून फटीतून घालून पाहिला, तो सगळा छातीवर ओघळला. टोकेरावाने आयुष्यात कधी शांतता ऐकली नव्हती. आता ती ऐकू येऊ लागली आणि त्याला ती मुळीच आवडली नाही. पोटात कळ उठली की तो खोडाशी जाई, सवयीने मान मागे घेई आणि तसाच थबके. एकदा तर तो रडला. पण सुतारपक्ष्याला चोच न उघडता नीट रडता येत नाही.

यमुना तडक काटेकरांकडे गेली. “हे उपाशी आहेत हो चार दिवस!”

“उपाशी?” काटेकर दचकले. “म्हणजे खाण्यापिण्याचा खर्च बंद? बाई, नफा वाढेल ना अशाने!”

“तुमचा एकेक काटा उपटून तुम्हालाच टोचीन,” यमुना म्हणाली. “काहीतरी करा!”

यमुनेच्या चोचीवर अजून कोणाचा ठसा नव्हता. काटेकरांनी ते पाहिले आणि ते कामाला लागले. त्यांनी खात्याचे सगळे नियम वाचून काढले. शेवटी एका नियमापाशी ते थांबले. जप्त केलेला माल राजाच्या मालकीचा होतो. तो पडून वाया जाऊ नये म्हणून गरजूला भाड्याने देता येतो. अट एकच : अर्जदाराकडे स्वतःचा तसला माल नसावा.

“सगळ्या जंगलात चोच नसल्याचा लेखी पुरावा कोणाकडे आहे?” काटेकरांनी विचारले. त्यांचे सगळे काटे ताठ उभे राहिले होते. “फक्त तुमच्या यजमानांकडे!”

अर्ज गेला. घोरपडबाईंनी पान तपासले. चोच, शिल्लक नाही. “अर्जदार खरोखरच गरजू आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात चक्क कणव होती. टोकेरावाची चोच टोकेरावाला भाड्याने मिळाली. भाडे कमाईच्या निम्मे.

डिंक फोडताच टोकेरावाने कोणाचे आभार मानले नाहीत. जांभळांकडेही पाहिले नाही. तो थेट सावरीकडे उडाला.

हिराबाई अर्ध्या ढोलीत बसली होती. डोके आत, शेपूट बाहेर. तिच्याने खरेच थांबवले नव्हते. पोटाखाली एक अंडे होते, आणि ते घरंगळू नये म्हणून तिने दोन दिवस अंग हलवले नव्हते.

“आलात का भाऊ?” तिने आतूनच विचारले.

“आलो ताई. हलू नका.”

त्याने तिच्या भोवतीने कोरायला घेतले. एरवी तो धाडधाड ठोकी. त्या दिवशी त्याने एकेक कपचा असा काढला, की हिराबाईचे पीसही हलले नाही. संध्याकाळी शेपूट आत गेले. टोकेराव फांदीवर बसून धापा टाकत होता आणि त्याला वाटत होते, आपल्यासारखा सुखी या जंगलात कोणी नाही.

वर्षअखेरीला काटेकरांनी काटा उपटला. निम्मी कमाई भाड्यात गेलेली. उरलेली अर्ध्या ढोलीत, अर्जात आणि काटेकरांच्या फीत. “कर शून्य!” काटेकर म्हणाले. “आणि या वेळी अगदी खरा शून्य. कोणी शोधूनही काही सापडायचं नाही.”

टोकेरावाची छाती फुगली. तो झाडाझाडावर सांगत सुटला, “मी कर भरत नाही! तोही कायद्याने!”

मग काय विचारता! काटेकरांच्या वारुळासमोर रांग लागली. सुगरणीने चोच संपवली. मोराने पिसारा संपवला. कोकिळेने गळा संपवला. खारीने दात आणि शेपूट एकाच पानावर संपवले. घोरपडबाई येत, जप्त करत आणि ज्याचे त्याला भाड्याने देऊन जात. काटेकरांचे काटे मात्र काटेकरांच्याच नावावर राहिले. यमुनेने त्यांना कारण विचारले, तेव्हा ते जरा रागावूनच म्हणाले, “धंद्याचं साहित्य असं कुणी कागदावर संपवतं का?”

पुढच्या वर्षी जंगलातून कराचे एकही जांभूळ आले नाही. सिंहाने भाड्याची कोठारे पाहिली. ती दारापर्यंत भरली होती. त्याने मोठ्या मनाने कर कायमचा रद्द केला.

सगळ्या प्राण्यांनी मिरवणूक काढली. टोकेरावाला खांद्यावर घेतले. कोकिळा गायली, मोर नाचला.

गाण्याचे आणि नाचण्याचे भाडे दुसऱ्या दिवशी आले.

तात्पर्य : मुलांनो, खूप कष्ट करावेत, खूप कमवावे, आणि आपल्याजवळ काहीच नाही हे सिद्ध करून देणारा एक जाणकार गाठावा. त्याने सांगितलेले हळूहळू खरे होते.