तांब्याचा पैसा आणि पगारी लांडगा

एका जंगलात, बाळांनो, एक शहर होतं. जंगलात शहर कसं, असं मधेच विचारायचं नाही. होतं म्हणजे होतं.

त्या शहराला लांडग्यांनी वेढा घातला. वेशी बंद झाल्या. तुळसा नावाच्या साळिंदरबाईची दोन पिल्लं नेमकी नदीपलीकडे मावशीकडे गेली होती, ती तिकडेच अडकली. बिचारीचा जीव टांगणीला लागला.

खजिन्यातली चांदी संपत आली, तेव्हा दिवाण बगळेरावांनी डोकं चालवलं. घराघरांतली तांब्याची भांडी वितळवून चिमुकले पैसे पाडले. प्रत्येकावर छापलं, 'युद्ध संपताच याचा चांदीचा रुपया मिळेल.' अक्षरं इतकी बारीक, की मुंगीनंच वाचावीत.

तुळसानं आपली एकुलती एक घागर देऊन टाकली. म्हणाली, "रुपये राहू देत, वेस तेवढी लवकर उघडा."

आणि काय सांगू! वर्षभरानं लांडगे कंटाळून निघून गेले. तुळसानं तटावरून पाहिलं आणि धावत दरबार गाठला.

"दिवाणजी, लांडगे गेले! वेस उघडा!"

बगळेराव मुळातच पांढरे, ते आणखी पांढरे पडले.

"हळू बोल, बाई! युद्ध संपलं म्हटलं, तर गावभर चांदी वाटावी लागेल. आणू कुठून?"

"अहो, पण माझी पिल्लं..."

"पिल्लांचं बघू. आधी लांडग्याचं बघू."

त्यांनी एक म्हातारा, लंगडा लांडगा शोधला आणि रोज वेशीबाहेर ओरडायला पगारावर ठेवला. त्यानं तांब्याचा पैसा चावून पाहिला आणि परत केला.

"युद्ध संपल्यावर चालणारा पैसा मला कशाला? मी आहे तोवर युद्ध आहे. चांदी काढा."

उरलीसुरली चांदी त्याच्या घशात गेली. ती संपली, तसा तोही गेला.

लगेच दवंडी पिटली, 'लांडगा पाहिजे. रोज दोन पैसे.' कोणी फिरकेना. तेव्हा बगळेरावांनी तुळसाला बोलावलं.

"चांदी जमेपर्यंत तटावर उभी राहून तूच ओरड. जमली, की पहिली वेस तुझ्यासाठी उघडतो."

पिल्लांसाठी आई काय करणार नाही? तुळसा जीव तोडून ओरडली. इतकं हुबेहूब, की शहराचे राजे, खुद्द अस्वल महाराज पलंगाखाली शिरले.

पिल्लं तेव्हा घरी यायलाच निघाली होती. नदीपाशी त्यांनी तो आवाज ऐकला आणि धूम ठोकून मावशीकडे परत गेली.

तात्पर्य : युद्ध संपल्याची बातमी दरबारात नेऊ नये. नेलीच, तर निदान आवाज बेताचा असावा.