डोमाजीभाऊचं जांभूळ

डोमाजीभाऊच्या घरासमोरून जायचं असन तर चपला हातात घ्याव्या लागतात. ब्रह्मपुरीतल्या आमच्या गल्लीचा कायदाच हाये तो. कोणी पाय आपटत गेला का आतून आवाज येते, "हळू चाल गा! गाळ उठते!"

गाळ म्हणजे जांभळाच्या वाइनचा. भाऊ शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. रिटायर झाले अन् घरीच प्रयोगशाळा मांडली. जांभळं कुस्करायची, साखर घालायची, काचेच्या बरणीत आंबवायची. दुसरा कोणी असता तर वरचं घेऊन बाटल्या भरून मोकळा झाला असता. भाऊ गाळत बसतात. आधी मलमल, मंग कापूस, मंग शाळेतल्यासारखा गाळणकागद, घड्या घालून. एक थेंब पडते. भाऊ श्वास रोखतात. मंग दुसरा. तेवढ्यात बाजूच्या काकूनं मिक्सर लावला का भाऊ भिंतीले हात लावून पाहतात, जशी भिंतीची नाडी तपासून राह्यले.

"निवळू द्या!" हा त्यायचा मंत्र. नळाले गढूळ पाणी आलं, निवळू द्या. सासू-सुनेचं वाजलं, निवळू द्या. माह्या बारावीच्या निकालाले बापानं चप्पल काढली, तर भाऊ मधात येऊन म्हणतात, "निवळू द्या, मंग मारा." चौकात मी त्यायची नक्कल करतो. मान वाकडी, एक डोळा बारीक, हातात नसलेली बाटली उजेडात धरलेली. लोक पोट धरून हासतात.

हासण्यासारखं नाई ते नामदेवकाकाचं. हे भाऊचे लहाने भाऊ. जिल्ह्यात दारूबंदी होती तवा नाल्याकाठच्या झोपडीत पिऊन आले, अन् दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे गेले. सोबतचे दोघं तर मेलेच. काकाचे डोळे गेले, पिणं गेलं नाई. काठी टेकत पुन्हा त्या झोपडीत जाऊ नये, म्हणून भाऊ घरी वाइन करतात. स्वतः थेंबही घेत नाईत.

यंदा पाचव्यांदा गाळणं चालू होतं. खाटेवरून काका ओरडले, "दादा, बाटल्या भरतं का मी जाऊ नाल्यावर?"

"निवळू दे."

"मले काय दिसते तिच्यात? गढूळ चालन!"

"तुले दिसत नाई, म्हनूनच मले दिसलं पाह्यजे."

मी तिथीच बसलो होतो. जीभ वळवळली. म्हटलं, "भाऊ, कितीबी गाळा. काकाचे डोळे गाळानं थोडीच गेले? ते विष पाण्यासारखं असते. तुमच्या कागदातून आरपार जाते."

भाऊनं फनेल खाली ठेवली. मले वाटलं आता शिव्या पडतीन. भाऊ एवढंच बोलले, "मंग कसं पाहू गा?"

मी घाईघाईनं सांगितलं का तसलं विष घरच्या जांभळात नसते, झोपडीवाले वरून मिसळवतात. पण भाऊ आयकून नव्हते राह्यले.

चार दिवसानं दुपारी गेलो तर बाटल्या भरलेल्या. काका खाटेवर, हातात भरलेला गिलास. भाऊ समोर पेपर धरून शेवटच्या पानावरच्या बारीक जाहिराती मोठ्यानं वाचत होते. दोन खोल्या भाड्यानं देणे. नावात बदल. मोटरपंप विकणे.

"हे काय चालवलं भाऊ?"

"काल याच बाटलीतली मी पिलो," भाऊ म्हणाले. "आता पाहून राह्यलो, दिसते का."

"बारीक अक्षर दिसते का दादा?" काकानं विचारलं.

"दिसते."

"त्याच्याहून बारीक?"

भाऊनं पेपर नाकाजवळ नेला अन् एका कोपऱ्यातली ओळ वाचली. अडखळत, पण पूर्ण वाचली. "पी आता."

काकानं चाचपडत गिलास खाटेखाली ठेवला.

"आनखी वाच," ते म्हणाले. "मले घाई नाई."