बाई रागावणार नव्हत्या

बावीस वर्षांत आपल्या हातून एकाही नमुन्याची अदलाबदल झालेली नाही, असं बाई सांगायच्या, आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायच्या. त्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. दरवर्षी नवी मुलं आली की पहिला अख्खा तास त्यांचा आवाज एकाच गोष्टीवर चढलेला असे. जीवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर नाव लिहायचं ते खालच्या भागावर, झाकणावर नाही. झाकणं दहा हातांतून फिरतात, याचं त्याच्यावर बसतं, आणि मग घशातले जंतू कुणाचे आणि गटारातले कुणाचे हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. "झाकणावर नाव लिहिणाऱ्या माणसाने," त्या टेबलावर हात आपटून म्हणत, "सरळ घरी जावं." मुलं पाठीमागे त्यांना झाकणबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचाही राग होता.

तसा त्यांना बऱ्याच गोष्टींचा राग होता, पण या वर्षी प्राचार्यांनी कहर केला. ते दोन दिवस कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक फॉर्म घेऊन आले. 'माझा पंचवार्षिक आराखडा.' पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाने पुढच्या पाच वर्षांत कोणते विषय घेणार, पुढे काय शिकणार, नोकरी कुठे करणार, हे लिहून द्यायचं. मार्गदर्शकाने ते वाचायचं आणि पुढच्या आठवड्यात एकेकाशी बोलायचं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या त्रेचाळीस मुलांच्या मार्गदर्शक अर्थातच बाई.

"कॉलेज सुरू होऊन सहा आठवडे झालेत," त्या प्रयोगशाळेतल्या मामांना म्हणाल्या. "यांना मायक्रोस्कोपमध्ये जंतू दिसतोय की स्वतःची पापणी, ते कळत नाही. आणि हे मला पाच वर्षांचं सांगणार."

"सांगू देत की," मामा म्हणाले. मामा तीस वर्षं तिथलं काचसामान धूत होते. नळ चालू असला की बाईंचं बोलणं त्यांना अर्धंच ऐकू येई, म्हणून ते नळ सहसा चालूच ठेवत.

पण काम अंगावर आलं की ते चोख करायचं, ही बाईंची खोड. नाव दिसलं की मत बनतं, म्हणून त्यांनी ठरवलं की आराखडे नावाशिवाय वाचायचे. फॉर्मच्या पहिल्या पानावर नाव आणि हजेरी क्रमांक होता, मजकूर आतल्या पानावर. पहिल्या पानावर एक गुप्त आकडा टाकायचा, आतल्या पानावर तोच टाकायचा, मग पानं सुटी करून वरची ऑफिसात पाठवायची आणि आतली पिसून वाचायची. गुरुवारी दुपारी बाईंनी त्रेचाळीस पहिल्या पानांवर सुबक आकडे घातले, आणि तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला.

"मुलांनी आराखडे रंगीत शाईने सजवलेत का हो?" प्राचार्यांनी विचारलं. "फोटो छान येतात."

बाई त्यावर बारा मिनिटं बोलल्या. फोन ठेवला तोही आपटूनच. त्याच रागात त्यांनी त्रेचाळीस पिना उपटल्या, वरची पानं मामांच्या हातात कोंबून ऑफिसात पाठवली, आतली पानं चांगली पिसली, चहाचा घोट घेतला आणि पहिलं पान उचललं. त्याच्यावर आकडा नव्हता. दुसऱ्यावर नव्हता. एकावरही नव्हता.

मामा परत आले तेव्हा बाई पानांकडे बघत बसल्या होत्या. मामांनी पानं बघितली, बाईंचा चेहरा बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा नळ बंद केला.

"झाकणावर लिहिलंत होय," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही प्लेटा धुवा."

हस्ताक्षरावरून ओळखावं तर एकानेही हाताने लिहिलं नव्हतं. सगळे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेले. बाई वाचू लागल्या. पहिल्याला लहानपणी दह्याकडे बघून या विषयाची गोडी लागली होती आणि पुढे मानवजातीसाठी स्वतःची प्रयोगशाळा काढायची होती. दुसऱ्यालाही दह्यानेच गोडी लावली होती. दहाव्या पानापर्यंत बाई इतक्या भडकल्या होत्या की त्यांना दह्याचं नाव नको झालं. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळी पानं शब्दन् शब्द सारखीच असतील तर ती कुणाची आहेत याने काय बिघडतं? बेचाळीस पानं तशी निघाली. बाईंना हायसं वाटलं, आणि त्यांनी शेवटचं पान उचललं.

त्यावर एवढंच होतं: "पाच वर्षांनी कुठे असेन माहीत नाही. इथे नसेन तर बरं. मला भूगोल घ्यायचा आहे. नकाशा समोर असला की मला जेवणाचीही आठवण राहत नाही. विषय बदलायचा अर्ज मी भरून ठेवला आहे, फक्त बाईंची सही हवी. शनिवारी पाच वाजता मुदत संपते. तीनदा दारापर्यंत येऊन मला परत फिरावं लागलं, कारण आत बाई कुणावर तरी ओरडत होत्या. बाई हे वाचतीलच. तर त्यांनीच मला बोलवावं."

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना राग आला, पण या वेळी तो नीट कुठे जाऊन बसेना. कुणीतरी पोर त्यांच्यावर भरवसा टाकून बोलावण्याची वाट बघत होतं, आणि त्यांना त्याचं नावच माहीत नव्हतं. शनिवारी पाच वाजले की ते तीन वर्षं या विषयात अडकणार होतं.

शुक्रवारी सकाळी त्या वर्गात गेल्या. कुणाचं गुपित फोडायचं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. "तुमच्यातल्या एकाने आराखड्यात काहीतरी वेगळं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कोण आहे ते? उभं राहा. मी रागावणार नाही."

कुणी हललं नाही.

"मी रागावणार नाही म्हणतेय ना," बाई म्हणाल्या आणि डस्टर टेबलावर असा आपटला की पहिल्या बाकावरची मुलं पांढरी झाली. खडूची पूड खाली बसायला वेळ लागला. तोवर बाई निघून गेल्या होत्या.

मग त्यांनी तर्क लढवला. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा, त्याचं तोंड कायम उतरलेलं. बाईंनी त्याला दुपारी खोलीत बोलावलं, कुणी ऐकू नये म्हणून दार लावून घेतलं आणि होईल तितक्या हळू आवाजात विचारलं, "तुला भूगोल आवडतो का रे?"

बाईंचा हळू आवाज कॉलेजात आजवर कुणी ऐकला नव्हता. "नाही बाई," मुलगा घाईघाईने म्हणाला. " आईशपथ नाही. मी कधी नकाशासुद्धा बघत नाही."

"खरं सांग. मी तुझ्या भल्यासाठी विचारतेय."

मुलगा रडायला लागला. बाहेर पडून त्याने आईला फोन केला आणि पाऊण तासात आई हजर. "माझ्या मुलाला भूगोलात का घालताय?" ती दारातच कडाडली. "तो मंद नाहीये, त्याचा चेहराच तसा आहे. त्याच्या वडिलांचाही तसाच आहे."

"मी कुणाला कशात घालत नाहीये."

"मग भूगोलाचं का विचारलंत?"

खरं सांगितलं तर गुपित फुटलं असतं, त्यामुळे बाईंनी आवाज चढवला. आईनेही चढवला. शेजारच्या प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रवाले गॅस बंद करून ऐकायला आले.

संध्याकाळपर्यंत वर्गात एकच बातमी पसरली होती, की बाई एकाला हाकलणार आहेत आणि तो कोण ते त्या हुडकतायत. शनिवारी सकाळी बाईंनी हजेरीपट घेऊन एकेकाला आत बोलवायला सुरुवात केली. जो आत येई तो बसायच्या आधीच जंतूंवरचं प्रेम सांगू लागे. एकाला जीवाणू स्वप्नात दिसत. एकीने घरच्या मांजरीचं नाव बदलून एका जंतूचं ठेवलं होतं. एकजण प्लेट उचलून दाखवत म्हणाला, "बघा बाई, नाव खालीच लिहिलंय." बाईंनी त्याला नुसतं "जा" म्हटलं.

बेचाळीस झाले. राहिली ती फक्त नोंदवही. वर्गातल्या सगळ्यांच्या वह्या जिच्यावरून पूर्ण व्हायच्या, जिच्या प्लेटवर एक रेघ वाकडी नसे, अशा त्या मुलीला सगळे नोंदवहीच म्हणत. तिला बोलावण्यात बाईंना वेळ घालवायचा नव्हता. पोरांच्या या गर्दीत एवढी एक तरी आपल्या विषयाची आहे, एवढ्या आधारावर तर त्या हे वर्ष काढत होत्या.

दुपारचे दोन वाजले होते. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"तुम्हाला घाबरतंय ते पोर," मामा प्लेटा पुसत म्हणाले.

"मी काय खाते का?"

"आता याला मी काय म्हणू," मामा म्हणाले. "असं करा, फॉर्म बाहेर ठेवा. सही करून ठेवा. कुणाचं लक्ष नसताना ते घेऊन जाईल. तुम्ही समोर नकोच."

बाईंना आधी याचाच राग आला, आणि मग त्यांनी ऑफिसातून विषय बदलायचे होते नव्हते तेवढे तीस कोरे फॉर्म मागवले. एकच ठेवला तर उचलणारा डोळ्यावर येईल, म्हणून तिसांवर सह्या केल्या. मामांनी गठ्ठा व्हरांड्यातल्या बाकावर ठेवला आणि वर चिठ्ठी लावली: 'विषय बदलायचा असेल त्याने न्यावा. कुणी काही विचारणार नाही.' बाई दार लावून आत बसल्या. बाहेर पावलं वाजत होती. दोनदा त्यांनी खुर्चीतून अर्धं उठून पाहिलं आणि दोन्ही वेळा मामांनी त्यांना बसवलं.

साडेचारला बाहेर शांत झालं. बाईंनी दार उघडलं. बाकावर चिठ्ठी होती. फॉर्म एकही नव्हता.

"नेला," बाई म्हणाल्या. "नेला हो मामा पोराने. बाकीचे वाऱ्याने उडाले वाटतं."

मामांनी व्हरांड्यातल्या बंद खिडक्यांकडे बघितलं.

पाचला दहा मिनिटं असताना दारावर टकटक झाली. नोंदवही उभी होती. हातात चार घड्या पडलेला अर्ज.

"बाई, तुम्ही वाचलंत ना? मग मला बोलावलं का नाहीत?"

बाईंनी आधी तिच्या हातातल्या अर्जाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"सगळ्यांना बोलावलंत," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, आणि तो रागाने थरथरत होता. "मी सकाळपासून बाहेर बसलेय. शुक्रवारी तुम्ही कोण ते विचारलंत, तेव्हा वाटलं दुसरं कुणी असेल, कारण माझं नाव तर मी लिहिलं होतं."

"आणि ते दह्याचं कुणी लिहिलं?"

"तेपण मीच. सगळ्यांनी मागितलं म्हणून दिलं. माझा लिहायची वेळ आली तेव्हा मला कंटाळा आला होता खोटं लिहायचा."

बाईंना फार वाईट वाटलं. वाटलं हिला बसवावं, समजवावं, पुढच्या वर्षी चांगले प्रयोग आहेत असं सांगावं. घड्याळात आठ मिनिटं उरली होती. "इकडे आण," त्या खेकसल्या, आणि तिचा अर्ज भिंतीला लावून त्यावर सही केली. मग तिचा दंड धरून त्या ऑफिसाकडे निघाल्या. पन्नाशीतल्या बाई दोन दोन पायऱ्या चढताना कॉलेजाने त्या दिवशी प्रथमच पाहिल्या.

खिडकीशी पोचल्या तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला, वहीत नोंद केली. नोंदवहीने बाईंकडे बघितलं. "थँक यू बाई," ती म्हणाली, आणि जी धावत सुटली ती भूगोल विभागाच्या दिशेनेच.

"हा एकतिसावा," कारकून म्हणाला.

"कसला एकतिसावा?"

"तुमच्या विभागातून जाणारा. तीस दुपारीच आले. सगळ्यांवर तुमची सही आहे, मी नीट बघितली." त्याने वही फिरवून दाखवली. "आता राहिले बारा."

बाईंनी खिडकीच्या कठड्याला धरलं. त्यांना ओरडायचं होतं, पण धाप लागली होती. धाप ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "ठीक आहे. बारा तर बारा. त्यांना तरी मनापासून शिकायचंय ना."

"ते बाराजण मघाशीच येऊन गेले," कारकून वही मिटत म्हणाला. "फॉर्म संपले का, म्हणून विचारत होते."