तिरक्या रेघा

सन २०२४. मे महिन्याचा तिसरा आठवडा, पत्रे तापायचे दिवस. आमच्या पाणी खात्यातल्या निवृत्त माणसांच्या संघटनेची स्मरणिका निघायची होती. मी ठरवलं की सांडूबद्दल चार ओळी लिहायच्या. एवढंच ठरवलं होतं.

मी सर्जेराव. मुकुंदवाडीत तीस वर्षं व्हॉल्वमन होतो. शाळा चौथीपर्यंत. चावी लावून रस्त्यातले व्हॉल्व उघडायचे, वेळ झाली की बंद करायचे. आधी मेनचा उघडायचा, मग गल्लीचा. बंद करताना उलट, आधी गल्लीचा, मग मेनचा. यात माझी चूक कधी झाली नाही, असं मी घरात आजवर सांगत आलो. (एकदा झाली होती. १९९६ साली अभय जन्मला तेव्हा मी व्हॉल्व उघडा टाकून दवाखान्यात पळालो. रस्ताभर पाणी. जोडीदार सांडू सायकलवर आला, व्हॉल्व बंद केला आणि आमचे वरचे साहेब आप्पासाहेब, त्यांनी विचारलं तेव्हा स्वतःचं नाव सांगितलं. त्याला मेमो मिळाला, मला मुलगा.) हे ऋण कागदावर फेडायचं होतं. सांडूला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्याचं नाव ठळक पाहिजे होतं.

पण लेख कागदावर घेणं बंद झालं होतं. मेघानं, म्हणजे अभयच्या बायकोनं, संघटनेच्या वेबसाइटवर फॉर्म केला होता. त्यात लिहायचं, पाहिजे तो शब्द ठळक करायचा, पाठवायचं. ती म्हणाली, मी लिहून देते. मी नको म्हटलं. आपली चूक सुनेला कशाला दाखवायची?

दोन दिवस दुपारी बसून एका बोटानं लिहिलं. सांडूचं नाव येईल तिथं ठळक केलं, शिवाय नावाखाली रेघही ओढली. मग बोट भलत्याच बटणावर पडलं आणि लेखात जागोजागी टोकदार कंस उगवले. नावाच्या आधी कंस, नंतर कंस. नंतरच्या प्रत्येकात एक तिरकी रेघ. शाळेतली एक गोष्ट मला पक्की आठवते. मास्तरांनी तिरकी रेघ मारली की ते चूक. इतक्या चुका केल्या असतील असं वाटलं नव्हतं. पण चूक दिसली की मी ठेवत नाही. तिरक्या रेघेचे सगळे कंस खोडले. अठ्ठावीस निघाले. लेख पाठवला आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेबांचा मेघाला फोन. तेच आप्पासाहेब आता संघटनेचे अध्यक्ष. छापखान्यात फाइल उघडत नव्हती. एकसष्ट लेख अडकले होते. संध्याकाळपर्यंत फाइल मिळाली नाही तर रविवारी स्मरणिका नाही. मेघा संगणकासमोर बसली ती बाराला बोलली.

“मामा, तुमच्या लेखातल्या तिरक्या रेघा कुठं गेल्या?”

“खोडल्या. चुका होत्या.”

ती हसली नाही. (हसली असती तर बरं झालं असतं.) तिनं समजावून सांगितलं. साधा कंस म्हणजे ठळक सुरू, तिरक्या रेघेचा म्हणजे ठळक बंद. वेबसाइटचा पडदा असल्या चुका चालवून घेतो. पण छापखान्याला सगळे लेख एक्सएमएल नावाच्या पद्धतीत जातात. तिथं उघडलेलं एक जरी बंद झालं नाही तरी सगळी फाइल अडते. (असा कडक स्वभाव मला आवडतो. आपल्या विरुद्ध गेला तेव्हा कमी आवडला.)

“आधी काय उघडलं होतं?” मी विचारलं.

“ठळक. मग त्याच्या आत खालची रेघ.”

“मग आधी रेघ बंद कर. ठळक नंतर.”

मेघा माझ्याकडं बघत राहिली. “व्हय, असंच असतंय. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तीस वर्षं दुसरं काय केलं?”

यंत्राकडून बंद करून घेता येत होतं, पण यंत्र ते लेखाच्या शेवटी नेऊन बंद करत होतं. मग सांडूबरोबर मीही ठळक झालो असतो. म्हणून अठ्ठावीस जागा आम्ही हातानं बंद केल्या. ती जागा शोधायची, मी क्रम सांगायचो. कुणी लाल अक्षरात लेख पाठवला होता, कुणी हिरव्या. पोरीनं सगळ्यांना एका शिस्तीत आणलं आणि कुणाचा एक शब्द सांडू दिला नाही. वर म्हणाली, चूक माझीपण हाय, फॉर्मनं हे आधीच तपासायला पाहिजे होतं. तेही तिनं त्याच दिवशी बसवलं. अशी सून आमच्या खात्यात असती तर एक गल्ली कोरडी राहिली नसती.

पाच वाजता फाइल गेली. जेवताना गोजरबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, भाकरी वाढत विचारलं, “व्हॉल्व उघडाच टाकून आला होता म्हणं?” मी पाणी मागितलं.

रविवारी सांडूनं स्मरणिका डोळ्याजवळ धरून, बोट फिरवत लेख वाचला. स्वतःच्या नावावर बोट थांबलं. मग म्हणाला, “लई छान. पण सर्जा, एकदा लिहिलंस.”

“मग?”

“अकरा वेळा तुझे व्हॉल्व बंद केलेत मी. तू पुढं गेलास की मी मागनं फिरून बघायचो. सांगितलं नाय, तुला राग आला असता.”

छापलेलं बदलत नाही. वेबसाइटवरचं बदलतं. घरी येऊन मेघाला लेख उघडायला लावला. ‘एकदा’ खोडलं, ‘अकरा वेळा’ लिहिलं, ठळक केलं आणि तिरक्या रेघेचा कंस स्वतः घातला. मेघानं तपासलं. ती माझ्या मागं फिरून बघते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

सांडूचं ऋण फिटलं.