बाबांचे यकृत डावीकडे

कॉलेज उघडायला एक दिवस उरला होता आणि डॉक्टरीणबाईंना माणसाच्या पोटात काय काय असते याची अजून पुरती कल्पना नव्हती. 'डॉक्टरीणबाई' हे नाव तिला बाबांनी दिले होते आणि प्रवेश मिळाला त्याच दिवशी साऱ्या इमारतीला ऐकवले होते. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवत. कोणतीही गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

सुट्टीत तिने शरीरशास्त्राचे जाडजूड पुस्तक आणले, त्याला कव्हर घातले आणि पहिल्या प्रकरणातल्या महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करायला घेतल्या. सगळ्याच ओळी महत्त्वाच्या वाटल्याने पानेच्या पाने पिवळी झाली आणि अभ्यास तिथेच थांबला. बाबांनी विचारले की ती म्हणायची, "झालं की वाचून!" बाबा लगेच ते शेजारच्या काकांना सांगून येत. आता उद्या पहिल्याच तासाला तोंडी परीक्षा होती. पोटातले मुख्य अवयवही ज्यांना सांगता येणार नाहीत, त्यांना रोज सकाळी तासभर आधी येऊन कच्च्या मुलांच्या वर्गात बसावे लागणार होते. मग बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचे, या विचाराने तिला जेवणही गेले नाही.

जेवण उरकून बाबा उघड्या अंगाने सतरंजीवर पालथे पडून घोरत होते. लिहिल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नसे आणि कागदावर लिहून ती कंटाळली होती. समोर ती रुंद, मोकळी पाठ. तिने आईच्या फडताळातले काळे पेन उचलले, पुस्तक शेजारी उघडे ठेवले आणि चित्रात जे जिथे होते ते तिथे काढायला सुरुवात केली. यकृत, जठर, प्लीहा. प्रत्येकाला नाव आणि बाण.

"मुंगी आहे का गं?" बाबा झोपेत पुटपुटले.

"हो बाबा. घालवते."

आश्चर्य म्हणजे सगळे तिच्या लक्षात राहिले. आता ओले फडके फिरवले की काम झाले. फडके फिरवले, पण यकृत जागचे हलले नाही. साबण लावला, तेल चोळले. यकृत जास्तच चमकू लागले.

"कुठलं पेन घेतलंस?" आईने दारातून विचारले.

"फडताळातलं."

"अगं, ते डब्यांवर नावं घालायचं! एका डब्यावर 'मीठ' लिहून बसलेय, ते अजून जात नाही. त्यात साखर भरून झाली!"

एवढ्यात बाबा जागे झाले. "वा! लेक पाठ चोळतेय? नशीब काढलं मी!" म्हणता म्हणता त्यांचा आवाज जड झाला. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खरे सांगायला तिने तोंड उघडले आणि "बरं वाटतंय ना?" एवढेच बाहेर पडले.

"फारच बरं वाटतंय. आता पोहून येतो."

"आज नको ना, बाबा. गारठा आहे."

बाहेर ऊन रणरणत होते. बाबांनी सदरा चढवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि शीळ घालत निघून गेले.

"सांगितलं का नाहीस?" आई म्हणाली.

"तू का नाही सांगितलंस?"

"यकृत मी काढलं होतं?"

पोहण्याचा तलाव तिच्याच कॉलेजच्या आवारात होता आणि रविवारी सगळ्यांना खुला असे. ती धावतपळत पोचली तेव्हा बाबांच्या मागे भिजलेल्या माणसांचा घोळका जमला होता. चष्मा लावलेले एक किडकिडीत गृहस्थ त्यांच्या पाठीवर बोट ठेवून वाचत होते.

"यकृत डावीकडं? प्लीहा उजवीकडं? अहो, सगळंच उलटं आहे! कुणी केलं हे?"

ती कुंपणाआड थिजली. चित्र समोरच्या बाजूचे होते आणि बाबा पालथे होते, हे आत्ता तिच्या डोक्यात आले.

बाबांना सारा प्रकार उमगला. ते ताठ उभे राहिले. "माझ्या मुलीनं! डॉक्टर होतेय ती. सगळं पुस्तक वाचलंय तिनं. तिनं डावीकडं लिहिलंय म्हणजे माझं डावीकडंच असणार!"

हशा पिकला. ती मागच्या मागे घरी पळाली.

बाबा परत आले ते निवांत. "अक्षर टपोरं आलंय हं. बाण तेवढे वाकडे आहेत," एवढेच म्हणाले. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तरी परवडले असते. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा पिवळ्या पानांपुढचे पुस्तक उघडले, पण तहान लागल्यावर विहीर खणून किती पाणी लागणार?

दुसऱ्या दिवशी वर्गावर सर आले. चष्मा तोच, किडकिडीत अंगही तेच. तिची पाळी आली.

"यकृत कुठं असतं?"

"उजवीकडं, सर."

"सगळ्यांचं?"

तिने मान खाली घातली. "सगळ्यांचं. माझ्या बाबांचंसुद्धा. चूक माझी होती, सर. मी पुस्तक वाचलंच नव्हतं."

सरांनी तिच्याकडे निरखून पाहिले. "असं होय! तुझे बाबा मला बाजूला घेऊन वेगळंच सांगत होते. म्हणाले, मुलीची काही चूक नाही हो, मीच पालथा झोपलो होतो."

वर्ग खो खो हसला. तिच्या डोळ्यांपुढे फळा धूसर झाला.

"बरं, स्वादुपिंड?"

तिने पोटावर आधी डावीकडे बोट नेले, मग उजवीकडे.

"पित्ताशय?"

बोट पुन्हा डावीकडे गेले.

"सकाळी लवकर उठायची सवय आहे ना?" सरांनी हळूच विचारले.

घरी बाबा जिन्यातच काकांबरोबर वाट पाहत उभे होते. "काय झालं, डॉक्टरीणबाई?"

"सकाळच्या वर्गात घातलं," ती पायरीकडे पाहत म्हणाली. "ज्यांना काही येत नाही त्यांचा वर्ग आहे तो, बाबा. मी तुम्हाला खोटं सांगत होते. पुस्तक वाचलंच नव्हतं मी."

बाबांचा चेहरा उतरला. काका उगाच कठड्याकडे पाहू लागले. आता बाबा बोलतील ते निमूट ऐकून घ्यायचे, असे ठरवून ती उभी राहिली.

बाबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, घसा खाकरला आणि वरच्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलंत का, काका? आमच्या डॉक्टरीणबाईंना बाकीच्यांपेक्षा रोज तासभर जास्त शिकवणार आहेत!"

वर दोन दारे उघडली. अभिनंदन करायला कोणीतरी चपला घालून खाली यायलाही निघाले.