विहिणींचं रेटिंग

फुटबॉलातलं मला सगळं कळतं. म्हणजे बॉल गोल असतो, इथपर्यंत बराबर. पुढचं नातीला विचारावं लागतं.

ही नात, ऐश्वर्या, माझ्या शेंडेफळ सपनाच्या लग्नातसुद्धा मोबाइल धरून बसली होती. "आबा, जगातले सगळ्यात तगडे सामने काढून राहिले. प्रत्येक देशाच्या टीमला रेटिंग असतं. दोघांची बेरीज करायची. बेरीज मोठी, तर सामना तगडा."

झालं! समोर आहेराचा माइक रिकामा, अन् मी (सातवी पास, आठवी तीनदा) मोकळा. उचलला माइक.

"मंडळी, आजचा आंतरराष्ट्रीय सामना! वसमतकडून नवरीची आई, आमच्या चतुराबाई, रेटिंग दोन हजार! जवळा बाजारकडून नवरदेवाची आई, मिराबाई, रेटिंग एकोणीसशे नव्वद! एवढी तगडी बेरीज दुनियेत न्हाई!"

मंडप हसला. मागून एकजण ओरडला, "आमच्या सासूचं बी सांगा!"

विहीणबाई मात्र हसल्या न्हाईत. त्यांच्या पंगतीला ताटाभोवती रांगोळी काढलेली, उदबत्ती लावलेली. त्या पाटावरून उठल्या अन् सरळ जीपमध्ये जाऊन बसल्या. विहीण जेवल्याबिगर वऱ्हाड घास उचलत न्हाई. चारशे माणसं बुंदीकडं बघत बसली. सपना रडायला लागली, तशी माझी मस्ती उतरली. (अर्धी.)

जीपच्या खिडकीशी गेलो. "विहीणबाई, काय तकलीफ झाली?"

"दहा कमी काहून?"

"बरं, दोन हजार दहा करतो."

मागून चतुराबाई गरजली, "काहून? पोरीची आई म्हणून आमी खाली?"

"मग दोघी बराबर!"

"हिच्या बराबर?" दोघी एकदम ओरडल्या.

मी ऐश्वर्याकडं बघितलं. ती म्हणाली, "आबा, रेटिंग असं वाटून देत नसतात. आधी सामना व्हावा लागतो."

"मग होऊन जाऊ द्या!" मी म्हणालो. "मी पंच!"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मिराबाई हळूच जीपमधून उतरल्या.

"चतुराबाई, ह्या माणसासंगं चाळीस वर्षं काढली तुमी?"

"अजून काढून राहिले."

मिराबाईंनी तिचा हात धरला. दोघी शेजारी शेजारी पाटावर बसल्या, पहिला घास उचलला, अन् चारशे हात बुंदीवर पडले. सपनानं डोळे पुसले.

मीही पाट ओढला. वाढपी आला, तसा विहीणबाईंनी हात आडवा घातला.

"थांबा. आज रेटिंगपरमानं वाढायचं. व्याहीबुवा, तुमचं किती?"